गोटूच्या खांद्यातलं पॅकिंग

चुडामण महाजनांना ढिली वस्तू दिसली की चैन पडत नसे. नेपानगरच्या कागदाच्या मिलमध्ये त्यांनी एकतीस वर्षं फिटरकी केली, पण कुठं काय घट्ट केलं ते कधी कुणाला सांगितलं नाही. मशीन चाललं, विषय संपला. घरीसुद्धा खुर्चीचा पाय दुरुस्त झाल्याचं बायकोला, यमुनाबाईंना, बसल्यावरच कळायचं.

निवृत्तीनंतर ते बऱ्हाणपुरातल्या एका खासगी इंजिनीयरिंग कॉलेजात लॅब सांभाळू लागले. दरवर्षी नवा करार. मागच्या परीक्षेत, मुलांनी दोष शोधावा म्हणून मुद्दाम बिघडवून ठेवलेला पंप चुडामणकाकांनी सकाळीच नीट करून ठेवला होता. तेव्हाच प्राचार्यांनी तंबी दिली होती की, न विचारता आणखी एका यंत्राला हात लावलात तर करार विसरा.

यंदा लॅबमध्ये शिकवण्यासाठी रोबोट आला. टेबलावर बसवलेला हातभर लांबीचा यांत्रिक हात. पोरांनी त्याचं नाव ठेवलं गोटू. कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्याचा जुळा, म्हणजे डिजिटल ट्विन. हा विषय शिकवणाऱ्या दीपाली मॅडम सांगायच्या, खऱ्यात जे असेल ते जुळ्यात असलंच पाहिजे, तरच जुळ्याकडे पाहून खऱ्याचं दुखणं ओळखता येतं. आता गोटूचा खांदा होता ढिला, हात दोन बोटं खाली लोंबायचा. परीक्षेच्या प्रोजेक्टमध्ये गोटूनं केळं उचलून क्रेटमध्ये ठेवायचं होतं. त्यासाठी ऋषिकेश आणि त्याच्या वर्गसोबत्यांनी आठवडाभर पट्ट्या लावून ते लोंबणं मोजलं, जुळ्याला शिकवलं. हुकूमच दोन बोटं वरचा सोडायचा, म्हणजे लोंबता हात नेमका केळ्यावर येतो.

चुडामणकाकांना या हिशेबाचा पत्ता नव्हता. त्यांना दिसला फक्त लोंबता खांदा. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी सांध्याच्या फटीत पॅकिंग कोंबलं, हात वरखाली करून पाहिला आणि समाधानानं चहा प्यायला गेले.

दुसऱ्या दिवशी इंदूरचे परीक्षक आले. पडद्यावर जुळ्यानं केळं अलगद उचलून क्रेटमध्ये ठेवलं. टेबलावर गोटूनं केळ्याच्या दोन बोटं वर हवा पकडली, जपून नेली आणि क्रेटमध्ये हळूच ठेवली. परत करायला सांगितलं, तर दुसऱ्यांदाही तेवढ्याच मायेनं हवा ठेवली.

परीक्षकांनी पेन काढलं. पडद्यावरचं हे आधीच बनवून आणलेलं कार्टून आहे, प्रोजेक्ट नापास करावा लागेल, असं ते म्हणाले. ऋषिकेश घाईघाईनं तारा तपासू लागला. प्राचार्य दारातच उभे होते. काकांना सगळं उमगलं. गप्प बसलं तर नोकरी राहणार आणि पोराचं वर्ष जाणार. गप्प बसणं त्यांना आयुष्यभर जमलं होतं. आज मात्र ते पुढे झाले.

“मॅडम, पोराची काही गलती नाही,” ते म्हणाले. “खांद्यात पॅकिंग मी टाकलं. मला वाटलं, बिचारा थकला असेल.”

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. काका पॅकिंग ओढून काढायला धावले, तर मॅडमनीच अडवलं.

“राहू द्या काका. खांदा बरा झालाय, फक्त जुळ्याला कुणी सांगितलं नाही.”

ऋषिकेशनं जुळ्यातलं लोंबणं पुसलं, हुकूम बदलला. गोटूनं खरंखुरं केळं उचलून क्रेटमध्ये ठेवलं. परीक्षकांनी प्रोजेक्ट पास केला, पेन खिशात घातलं आणि खऱ्यात जे असेल ते जुळ्यात हवं, हा धडा वर्गात पुन्हा शिकवायची गरज नाही म्हणाले. मग प्राचार्यांनी करार करायचं कबूल केलं, पण काका जे करतील ते त्याच दिवशी जुळ्यात नोंदवायचं, या अटीवर.

ऋषिकेशनं लगेच टाइप केलं: खांद्यात पुठ्ठा बसवला, चुडामण महाजन. इतक्या वर्षांत काकांनी आपल्या कामाखाली आपलं नाव पाहिलं नव्हतं. चष्मा पुसून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

“पुठ्ठा नाही रे, लग्नपत्रिका आहे. दोन घड्या,” ते म्हणाले. “आणि बारिशमध्ये फुगते, ते पण लिही.”