डेस्मंडरावांचं शुद्ध पाणी

इंग्लंडातल्या बर्टन गावात राहून बर्टनचं पाणी पाकिटातून विकत आणणारा माणूस बघायचा असेल, तर डेस्मंड वॉर्डल यांच्या गॅरेजचं दार ठोठावावं.

या गावच्या विहिरींच्या पाण्यावर बाहेरचे बिअरवाले पिढ्यान् पिढ्या जळत आले. आपापल्या पाण्यात जिप्सम नावाचा क्षार कालवून नक्कल करत राहिले. अशा गावाला डेस्मंडराव जावई म्हणून आले, ते डार्बीहून. डार्बी तशी हाकेच्या अंतरावर. पण सासरे ईनॉक यांच्या लेखी जावई परमुलखातलाच. ईनॉकची सगळी हयात बिअरच्या कारखान्यात लाकडी पिंपं बांधण्यात गेलेली. जावयानं घरी केलेल्या बिअरचा ते एक घोट घेत, ग्लास बाजूला सारत आणि म्हणत, "जावईबापू, भांडी घासायला उत्तम आहे." लग्नापासून हेच. म्हाताऱ्यानं एकदा, फक्त एकदा ग्लास रिकामा करावा म्हणून डेस्मंडरावांचा जीव तुटत होता.

सासऱ्यांची नव्वदी आली तेव्हा डेस्मंडरावांनी कंबर कसली. आता विहिरी गेल्या होत्या आणि नळाच्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून पाण्यातला कण न् कण काढून टाकणारं यंत्र आणलं. पाणी इतकं निर्मळ झालं की त्याला चवच उरली नाही. मग त्यात पाकिटातल्या भुकट्या सोनाराच्या काट्यावर तोलून घातल्या. पाकिटावर लिहिलं होतं, 'अस्सल बर्टनचं पाणी घरच्या घरी'.

"म्हणजे पाण्यातून गाव काढलंस आणि परत गावच घातलंस?" बायको मार्जरीनं विचारलं.

"तुला यातलं शास्त्र कळायचं नाही."

"कसं कळणार? मी पडले इथलीच!"

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण इथे कळसाही रिकामा करून घेतलेला.

बिअर आंबवणाऱ्या यीस्टला मात्र एवढी शुद्धता मानवली नाही. वाढदिवशी सकाळी पिंप उघडलं आणि कुजक्या अंड्यांचा भपकारा गॅरेजभर पसरला. डेस्मंडराव अगदी रडकुंडीला आले. सगळं गटारात ओतायला पिंप उचलणार, तोच काठी टेकत ईनॉक दारात आले. थबकले. नाक वर करून हुंगू लागले.

"कुठून आणलंत?" त्यांनी विचारलं. "हा आमच्या विहिरीचा वास! जुन्या बिअरला असाच गंधकाचा भपका यायचा. द्या इकडे."

एका दमात त्यांनी ग्लास रिकामा केला.

दुसरा कुणी शहाणा जावई असता तर गालात हसून गप्प बसला असता. पण डेस्मंडराव पडले सत्यवादी.

"बाबा, तो वास विहिरीचा नाही. दोष आहे तो. पाणी फार शुद्ध झालं, यीस्ट उपाशी राहिलं, त्यामुळे..."

वडिलांमागोमाग आलेल्या मार्जरीनं कपाळाला हात लावला.

ईनॉकनी रिकामा ग्लास जावयापुढे धरला. मग म्हणाले, "जावईबापू, लग्नापासून पहिल्यांदा तुमच्या हातून काही धड झालंय, तेही चुकून. आता ते दुरुस्त करू नका. ओता."

डेस्मंडरावांनी तोंड मिटलं आणि ओतली. मग स्वतःलाही ओतून घेतली आणि म्हाताऱ्याशेजारी उलट्या बादलीवर बसले. बिअर खरोखरच घाण होती. आयुष्यात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता.