टाका, गोळी की विटा

आमच्या घरी फ्रिज घ्यायचा तरी महिनाभर चर्चा चालते. नवरा घोडबंदर रोडवरच्या ऑफिसात बसून दिवसभर लोकांना कुठलं सॉफ्टवेअर बरं ते सांगतो आणि डोंबिवलीला घरी आला की तेच काम फुकटात करतो. त्यामुळे माझं बाळ पोटात कसं टिकवायचं हा प्रश्न आला आणि घरात तीन पक्ष पडले, याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. पोट माझं, मतं सगळ्यांची.

प्रश्न मात्र फ्रिजचा नव्हता. आधीचं बाळ पाचव्या महिन्यात गेलं होतं. ना दुखलं, ना खुपलं. दुपारी मी भाजी निवडत बसले होते आणि संध्याकाळी रिकामी झाले होते. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीवर बारीक लक्ष ठेवलं होतं. पाचवा लागतोय तोच त्या म्हणाल्या, "पिशवीचं तोंड आखूड व्हायला लागलंय. आत्ताच काहीतरी करूया."

काय काय करता येतं तेही त्यांनी समजावलं. पिशवीच्या तोंडाला टाका घालायचा किंवा प्रोजेस्टेरॉनची गोळी रोज आतून ठेवायची. सिलिकॉनची एक रिंगही असते, पण तिचा कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही, म्हणून तिच्यावर त्यांचा फारसा भरवसा नव्हता. "तुमच्या बाबतीत टाका आणि गोळी, दोन्ही योग्य आहेत," त्या म्हणाल्या. "दोन्हींचे फायदे-तोटे सांगितलेत. सोमवारी या आणि तुम्हाला काय हवंय ते सांगा."

नवऱ्याने अर्थातच रिंग उचलून धरली, कारण ती त्याला सगळ्यांत नवी वाटली. सासऱ्यांची उभी हयात एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत गेलेली. ते गोळीच्या बाजूने. पण गोळी खायची नसते, आतून ठेवायची असते, एवढं कानावर पडताच ते तुळशीला पाणी घालायला गॅलरीत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. सासूबाई टाक्याच्या. त्यांच्या वेळी टाका घातला होता आणि माझा नवरा पूर्ण दिवस पोटात राहिला होता. त्यांचा पुरावा रोज सकाळी आमच्यासमोर बसून पोहे खायचा, तेव्हा वाद तरी काय घालणार?

टाक्याच्या जोडीला त्यांच्याकडे आणखी एक उपाय होता. तेव्हा म्हणे त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी विटा लावून पाय उंच केले होते आणि बाळंत होईपर्यंत त्या तशाच झोपून होत्या. शनिवारी त्यांनी सासऱ्यांना खाली पिटाळलं. शेजारची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, विटांना काय तोटा? सासरे भाजीच्या पिशवीतून चार विटा घेऊन आले. सासूबाई त्या घेऊन आमच्या खोलीत शिरल्या आणि पलंगापाशी थबकल्या. आमचा पलंग खाली कप्पे असलेला, चारी बाजूंनी जमिनीला टेकलेला. विटा लावायला त्याला पायच नव्हते.

हार मानतील तर त्या सासूबाई कसल्या? त्यांनी विटा जुन्या चादरीत गुंडाळून गादीखाली, पायाच्या बाजूला सरकवल्या आणि मला झोपायला लावलं. मी झोपले आणि हळूहळू डोक्याच्या दिशेने घसरायला लागले. नवरा दारात उभा होता. तो म्हणाला, "आई, ही आता खिडकीतून खाली जाईल." मला हसू फुटलं. किती दिवसांनी! तोवर मी शिंकायलासुद्धा घाबरत होते. मी हसतेय आणि घसरतेय, नवरा मला पायांना धरून मागे ओढतोय, आणि सासूबाई तोंडाला पदर लावून खुदुखुदु हसतायत.

मग पदर खाली करून त्या माझ्या उशाशी बसल्या. "याच्या आधी मलाही एक मुलगी होती गं," म्हणाल्या. "तुझ्याएवढेच दिवस होते. तेव्हा कुणी काही विचारायचं नाही आणि आपण बोलायचं नाही." नवऱ्याने माझे पाय सोडले. त्यालाही हे पहिल्यांदाच कळत होतं.

सोमवारी मी गोळी निवडली. टाक्याची भीती वाटली म्हणून नव्हे. मागच्या वेळी माझ्या हातून काहीच करणं झालं नव्हतं, ते मला खात होतं. रोज स्वतःच्या हाताने बाळासाठी काहीतरी करायला मिळणार, हे मला हवं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "चालेल. तोंड आणखी आखूड झालं तर टाका आहेच." म्हणजे सासूबाईंचा पक्ष विरोधी बाकावर शाबूत राहिला. झोपून राहण्याने बाळ टिकत नाही, उलट त्रासच होतो, घरात हिंडा-फिरा, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं. सोबत आलेल्या सासूबाईंनी जरा चाचरत विचारलं, "मग विटा?"

"बिल्डरला परत द्या," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सासूबाई दोन दिवस रुसल्या. तिसऱ्या दिवसापासून जेवणं झाली की दाराशी येऊन हळूच विचारायच्या, "ते ठेवलंस का?" गोळी हा शब्द त्यांनी शेवटपर्यंत उच्चारला नाही. पुढची प्रत्येक सोनोग्राफी झाली की मी आधी त्यांना फोन करायची. तोंड होतं तेवढंच राहिलं. नववा लागला, गोळ्या थांबल्या, आणि मग कुठे त्यांनी डोहाळजेवण करू दिलं. तोवर फुलवाल्याला विचारायचीसुद्धा बंदी होती.

आणि मग आमचं बाळ बाहेरच येईना. तारीख आली आणि गेली. ज्याला आत ठेवायला सगळं घर जिवाचं रान करत होतं, ते आत मजेत होतं. "हळू चाल, हळू चाल" म्हणून माझ्या मागे लागणाऱ्या सासूबाई आता मला गच्चीवर नेऊन फेऱ्या मारायला लावू लागल्या. "उचल पाय. आता नाही चालायचं तर कधी?" शेवटी डॉक्टरीणबाईंनी ॲडमिट करून कळा आणवल्या.

गोळीने टिकलं की एरवीही टिकलं असतं, हे डॉक्टरीणबाईसुद्धा छातीठोकपणे सांगत नाहीत. एकच बाळ दोनदा वाढवून बघता येत नाही. मला त्याचं काही वाटत नाही. मी इतकी खूश होते की नवऱ्याने रिंगचा विषय काढला तरी ऐकून घेतलं.

हॉस्पिटलच्या खोलीत सासूबाई मांडीवर बाळाला घेऊन बसल्या होत्या आणि दुसऱ्या हाताने एकामागून एक फोन घेत होत्या. पलीकडून प्रत्येक जण तेच विचारत असणार, मुलगा की मुलगी. सासूबाई प्रत्येकाला एकच उत्तर देत होत्या.

"पूर्ण दिवसांची झाली हो. पूर्ण दिवसांची."