चौदाव्या मजल्यावरचा अभ्रा

एकतीस वर्षं ज्या हॉटेलच्या चादरी धुतल्या, त्याच हॉटेलच्या गादीवर आडवं व्हायची वेळ चादरमास्तरांवर निवृत्तीच्या दिवशी आली. सत्कार झाला, शाल मिळाली, तळघराचं ओळखपत्र परत घेतलं गेलं आणि वर बक्षीस म्हणून चौदाव्या मजल्यावर सपत्नीक एक रात्र मुक्काम. बक्षीस देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, एवढंच त्यांच्या बाजूनं म्हणता येईल.

कारण मास्तरांना त्या पलंगावर झोपच येईना. चादरीचा एक कोपरा सैल होता. आता, तुम्हीआम्ही सैल कोपऱ्यावर घोरत पडू. पण मास्तर म्हणजे दुसऱ्याच्या घरी जेवायला बसले तरी आधी टेबलाच्या कापडाची शिवण उलटून बघणारा माणूस. तळघरातल्या लाँड्रीत त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यांचा एक नियम तर हॉटेलच्या मालकालाही मोडता आला नव्हता: मशीनचं दार एकदा बंद झालं की फेरा मोडायचा नाही. एकदा कुणा पाहुण्याची अंगठी चादरीबरोबर आत गेली. पाहुणा बाहेर नाचत होता, मॅनेजर घाम पुसत होता आणि मास्तर हाताची घडी घालून म्हणाले, "अंगठी सोन्याची आहे ना? मग विरघळणार नाही. पंचावन्न मिनिटं बसा."

असा हा माणूस घरी मात्र कापडाला हात लावत नसे. "दिवसभर तेच करतो," म्हणून घरच्या चादरी, उशा, अभ्रे हा सगळा मुलूख त्यांच्या बायकोचा. आणि त्या माउलीचा सगळा संसार तिच्या उशीच्या अभ्र्यात. किल्ल्या तिथे, गुडघ्याच्या गोळ्या तिथे, रेशनकार्डसुद्धा एकदा तिथेच सापडलं होतं. पर्सवर तिचा भरवसा नव्हता, कारण पर्स मास्तर रोज उघडत. चष्मा त्यांचा हरवायचा आणि झडती तिच्या पर्सची व्हायची. उशीकडे मात्र त्यांनी उभ्या जन्मात ढुंकून पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नाश्ता करून दोघं खोलीवर आली. बायको म्हणाली, "अहो, ते पांढरं होडगं आहे ना, त्यात मी गरम पाण्यात बसून बघते जरा. तुम्ही खाली जा, तुमच्या माणसांना भेटून या. सावकाश या."

"सावकाश" हा शब्द तिनं दोनदा म्हटला, पण मास्तरांचं लक्ष पलंगाकडे होतं. विस्कटलेला पलंग तसाच टाकून खोलीबाहेर पडायचं म्हणजे मास्तरांच्या दृष्टीनं तोंड न धुता लग्नाला जाणं. त्यांनी नाइलाजानं हॉटेलनं दिलेला जाड पांढरा झगा चढवला (आपला सदरा कामात चुरगळायला नको म्हणून), चादरी ओढल्या, अभ्रे काढले, उशा झटकल्या, सगळ्याचं असं आवळ गाठोडं बांधलं की शिकाऊ लोकांना दाखवावं. मग मजल्याच्या टोकाशी, जिथून मैले कपडे थेट तळघरात सोडायची भिंतीतली घसरगुंडी होती, तिथे जाऊन त्यांनी ते गाठोडं स्वतःच्या हातानं सोडून दिलं. पाहुण्यानं असं करायचं नसतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची वेळ जगात कुणावर आलीच नव्हती.

परत येऊन ते उघड्या गादीवर समाधानानं बसले. सव्वाअकराला बायको न्हाणीघरातून बाहेर आली, केस ओले, चेहरा लाल, आणि पलंगाकडे बघून जागच्या जागी थिजली.

"उशी कुठंय?"

"ही काय."

"अभ्रा कुठंय?"

"गेला धुवायला," मास्तर अभिमानानं म्हणाले. "मीच सोडला."

ती मटकन खाली बसली. मास्तरांना वाटलं, गुडघा गेला. ते उठवायला धावले, तर तिनं त्यांचा हात झटकला. चौतीस वर्षांत पहिल्यांदा.

"त्यात चिठ्ठी होती."

"कसली चिठ्ठी?"

"लेकीची."

सहा वर्षं त्या घरात हा शब्द उच्चारला गेला नव्हता. लेकीनं ज्याच्याशी लग्न ठरवलं तो पहिल्या भेटीला चुरगळलेला सदरा घालून आला होता, आणि मास्तरांनी तेवढ्यावर निकाल दिला: ज्याला कॉलर सांभाळता येत नाही तो माझी पोर काय सांभाळणार? खरं कारण वेगळं होतं. पोर घरातून जाणार हेच त्यांना सोसत नव्हतं. पण ते कबूल करण्यापेक्षा कॉलरला नावं ठेवणं सोपं. लेकही त्यांचीच. ती गेली, आणि मास्तरांनी तिच्या पाठीवर "पुन्हा पाऊल टाकू नकोस" एवढं फेकून दार लावलं. दार तिनं पुन्हा वाजवलं नाही.

"मंगळवारी शेजारणीच्या हाती आली," बायको जमिनीकडे बघत सांगत होती. "रविवारी बारा वाजेपर्यंत त्या नंबरावर आहे म्हणते. मग ती दोघं कायमची परदेशी जातायत. 'आई, तुझा फोन नाही आला तर मी समजून जाईन, पुन्हा त्रास देणार नाही,' असं लिहिलंय. घरात फोन एक, तो तुमच्या खिशात. रात्री चिठ्ठी सवयीनं अभ्र्यात सरकवली. म्हटलं, इथं खोलीत फोन आहे, तुम्ही खाली गेलात की लावीन. म्हणून तर म्हटलं, सावकाश या."

"नंबर पाठ नाही केलास?"

"मला आपलाच नंबर पाठ नाही होत! आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं हो पाहुणे म्हणून येऊन धुणं काढायला?"

मास्तरांच्या डोक्यात मात्र घड्याळ सुरू झालं होतं. रविवारी पांढऱ्याचा दुसरा फेरा साडेअकराला लागतो. आधी सात मिनिटं थंड पाणी, मग उकळतं पाणी आणि पावडर. थंड पाण्यात कागद भिजतो. उकळत्या पाण्यात त्याचा भुगा होतो. त्या भुग्याचे गोळे त्यांनी आयुष्यभर गाळणीतून काढून फेकले होते. कुणाची पत्रं होती ती, हा विचार एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या मनात आला.

"तू इथंच फोनपाशी बस," ते म्हणाले. "नंबर मिळाला की खालून कळवतो." आणि झग्यातच, पायात हॉटेलच्या कागदी सपाता घालून, पळाले.

लिफ्ट वाटेत पाच ठिकाणी थांबली. तळमजल्याला नोकरांच्या दाराशी पहारेकरी उभा होता, ज्याच्याबरोबर मास्तरांनी बारा वर्षं चहा प्यायला होता.

"दार उघड!"

"नाही सर."

"सर? अरे मी मास्तर!"

"कालपर्यंत मास्तर. आज पाहुणे. पाहुण्यांना तळघरात सोडायचं नाही, त्यांना त्रास होतो."

"माझा जीव चाललाय इथं!"

"जीव गेला तर डॉक्टरला बोलवायचं असं पुस्तकात आहे. खाली सोडायचं असं कुठं नाही. तुम्हीच म्हणायचा ना मास्तर, नियम म्हणजे नियम?"

अकरा एकतीस. मास्तर हतबल होऊन उभे राहिले, आणि मग त्यांना या हॉटेलचा सगळ्यात मोठा नियम आठवला, ज्याच्यापुढे बाकीचे नियम लोटांगण घालतात. आयुष्यात कधी न केलेली गोष्ट त्यांनी केली. कमरेवर हात ठेवले, छाती पुढे काढली आणि ओरडले, "माझी तक्रार आहे!"

पहारेकरी ताडकन ताठ झाला. "तक्रार? कसली तक्रार सर?"

"अभ्र्याबद्दल. लाँड्रीच्या मुख्य माणसाशी, समोरासमोर, आत्ताच्या आत्ता!"

पाहुण्याच्या तक्रारीपुढे त्या हॉटेलात देवाचंही काही चाललं नसतं. पहारेकऱ्यानं दार उघडलं, एवढंच नव्हे तर "सांभाळून या सर, पायरी आहे" म्हणत त्यांना त्या जिन्यावरून खाली नेलं, ज्याची प्रत्येक पायरी मास्तर डोळे मिटून उतरू शकले असते.

खाली लाँड्रीत बारकी उभी होती. अंगानं काडी, आवाजानं भोंगा. मास्तरांनीच तिला घडवली आणि कालच आपल्या जागी बसवली. झग्यातल्या मास्तरांना बघून आधी तिला हसू फुटलं, मग त्यांचा चेहरा दिसला.

"मशीन थांबव," मास्तर म्हणाले.

"चालू होऊन पाच मिनिटं झाली, मास्तर."

"माहितीय. थांबव."

"फेरा मोडायचा नाही, मास्तर! तुम्हीच शिकवलंत. आज माझा पहिला दिवस."

"मी गाढव होतो," मास्तर म्हणाले. "एकतीस वर्षं गाढव होतो. आत माझ्या पोरीची चिठ्ठी आहे गं."

त्यांचा आवाज असा फाटला की इस्त्रीपाशी उभी माणसं वळली. बारकीनं पुढे एक शब्द न विचारता लाल बटण दाबलं. पाणी उतरायला तीन मिनिटं लागली. काचेच्या गोल दारामागे पांढरं ढेकूळ सावकाश खाली बसताना मास्तर बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. सेकंद मोजत असावेत, किंवा आणखी काही.

दार उघडलं. सगळी माणसं ओल्या कपड्यांवर तुटून पडली. शंभरेक अभ्रे. एकेक उलटा करून झटकायचा. "झटकू नका!" मास्तर ओरडले. "हात घाला आत, हळू!" अकरा एकेचाळीसला एका म्हाताऱ्या इस्त्रीवाल्याच्या हाताला कोपऱ्यात चिकटलेली चतकोर घडी लागली.

बारकीनं ती इस्त्रीच्या टेबलावर सुईच्या टोकानं उलगडली. शाई बॉलपेनाची, म्हणून आकडे टिकले होते. पण कागद नेमका घडीवर विरला होता, आणि घडी नंबरावरून गेली होती. दहातले आठ आकडे दिसत होते. मधले दोन नव्हते.

मास्तर टेबलाचा काठ धरून उभे राहिले. "संपलं," ते म्हणाले.

"कसलं संपलं?" बारकी खेकसली. "दोन आकडे म्हणजे शंभर नंबर. आपण इथं नऊ डोकी, वर काकू दहावी. दहा दहा वाट्याला. काढा रे फोन! मास्तर, वर कळवा. शून्यापासून नऊपर्यंतचे काकूंचे."

आणि मग त्या लाँड्रीत जे सुरू झालं ते तिथे कधी झालं नव्हतं. मशिनं गप्प, आणि माणसं बोलतायत.

"हॅलो, तुम्ही आमच्या मास्तरांची मुलगी का?... नाही? मग ठेवा. अहो ठेवा म्हटलं, वेळ नाही!"

"आजोबा, मुलगी हवी होती... नातू आहे? नको, नातू नको."

"बाई, तुम्ही परदेशी चालला आहात का?... का म्हणून विचारतो म्हणजे? जाऊ नका, नाहीतर जा, तुमची मर्जी!"

बंद नंबर, चुकीचे नंबर, शिव्या देणारे, हसणारे. मास्तरांच्या वाट्याचे दहा संपले. अकरा त्रेपन्न. एकेक माणूस मान हलवून फोन खाली ठेवायला लागला. पाच वाट्यांचे निकाल लागले, मग सहा. मास्तर ओल्या अभ्र्यांच्या ढिगावर बसले, त्यांच्या बुडाखाली पाणी झिरपत होतं आणि त्यांना ते कळतही नव्हतं.

"मास्तर." म्हाताऱ्या इस्त्रीवाल्यानं फोन छातीशी धरला होता. "एक बाई आहे. मी 'चादरमास्तर' म्हटलं, तर बोलेचना. पण ठेवतही नाही."

"बायकोला लावा! खोलीवर लावा!"

बारकीनं लावला. "लागत नाही. काकू आपले दहा लावतायत!" आणि ती जिन्याकडे धावलीसुद्धा. "मी घेऊन येते त्यांना. ठेवू देऊ नका तिला!"

फोन मास्तरांच्या हातात आला. आता मध्ये कुणी नव्हतं.

"हॅलो," ते म्हणाले.

पलीकडे श्वास. मग, "बाबा? आईला काय झालं?"

"काही नाही. आई धडधाकट आहे. चौदाव्या मजल्यावर आहे."

"चौदाव्या मजल्यावर काय करतेय?"

"तुला फोन लावतेय. म्हणून तिचा फोन लागत नाहीये." हे काही नीट समजावून सांगता येण्यासारखं नव्हतं. "चिठ्ठी मी धुतली. चुकून. मला माहीत नव्हतं ती आहे म्हणून. आई येतेय खाली, तू ठेवू नकोस."

तिच्या मागून कुणीतरी काही म्हणालं. दारं आपटली.

"बाबा, गाडी आलीय. आम्हाला निघायला हवं. आईला सांगा..."

"मी काही सांगणार नाही," मास्तर घाईनं म्हणाले. "तूच सांग. पाच मिनिटं. तिचा गुडघा... लिफ्ट पाच ठिकाणी थांबते..." पलीकडे ती रडते आहे की वैतागली आहे, ते त्यांना कळेना. सहा वर्षांत आवाज ओळखायची सवय गेली होती. त्यांनी डोळे घट्ट मिटले. "जावई तिथंच आहेत का? जरा त्यांना दे."

पलीकडे फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेला. लाँड्रीतली माणसं जवळ सरकली.

"बोला," एक पुरुषी आवाज आला. सावध, कोरडा.

"जावईबापू," मास्तर म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघत होता आणि त्यांना तो जड जात होता. "आमची मंडळी जिन्यात आहे. तिची आणि पोरीची गाठ पडेपर्यंत थांबाल का? माझ्याशी बोलू नका हवं तर. मी तुमचा अपमान केला होता, तो तुमच्या लक्षात असेल."

"आहे," तो म्हणाला.

फोन कानाशी घट्ट दाबून मास्तर ऐकत राहिले. जिन्यात वर कुठेतरी बारकीचा आवाज आला, "काकू, सावकाश, धरा मला!" आणि त्याच वेळी पलीकडे, फोनपासून जरा लांब, तो माणूस कुणाला तरी म्हणाला, "सामान राहू द्या गाडीत. पण इंजिन बंद करा."