सुमनच्या कानामागचा लेप मी धुतला

बायांनो, हा कागद मंडळाच्या फळ्यावर मीच लावलाय. कुणी काढू नये.

माझी सुमन सहा वर्षांची. महिनाभर तिचा कान वाहत होता. चार दिवसांपूर्वी कानामागे सूज आली, ताप चढला. सासूबाईंनी हळद-चुन्याचा जाड लेप थापला. "गालगुंड हाय. लेप आपणहून गळेपर्यंत हात लावायचा न्हाय." अख्ख्या आळीने मान डोलावली. मीही गप्प बसले, ती चूक माझी.

आज सकाळी पोर रडायचीही थांबली. मी कोमट पाण्याने लेप धुतला आणि तिला म्हसळ्याला दवाखान्यात नेलं. सासूबाई मागून ओरडत होत्या, "पोरीला काय झालं तर तुझ्यावर!" स्वराज्य येऊन दहा वर्षं झाली, आणि मला एक लेप धुवायला आळीची परवानगी हवी?

डॉक्टरांनी मला सुमनच्या पाठीमागे उभं केलं. "दोन्ही कान बघा." डावा कान पुढे ढकललेला, त्यामागची खाच सुजून बुजलेली. तिथल्या हाडावर बोट टेकताच ती किंचाळली. गालगुंडात सूज कानाखाली, जबड्यापाशी येते. हे दुखणं कानातून हाडात उतरलं होतं. लेपाखाली कुणाला दिसणार?

पेनिसिलिन टोचलंय. उद्या पहिल्या गाडीने मुंबईला, हाडाचा फोटो काढायला. पू साठला असेल तर कापावं लागेल. कापू देत, मी तिचा हात धरून बसेन.

मला बोल लावायचाय ना? जरूर या. पण आधी आपापल्या घरातले लेप धुवा, पोरांच्या मागे उभ्या राहून दोन्ही कान बघा, आणि मग या.