झाकणाबाहेरची पोळी

शेवटच्या भेटीत नलूनं माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, आणि तीही मी ऐकली नाही. विश्रांतवाडीच्या घरी ती पलंगावर पडून होती. चादर एका बाजूनं लोंबत होती आणि माझे हात शिवशिवत होते. "ताई, राहू दे ना," ती म्हणाली. मी चारही कोपरे ताणून बसवले, मगच तिच्याजवळ टेकले. दुसऱ्या दिवशी सकाळी दिरांचा फोन आला... त्याला आता सहा आठवडे होतील.

नलू माझी धाकटी जाऊ. ती लग्न होऊन आली तेव्हा मी तिशीची, स्वयंपाकघराची स्वयंघोषित परीक्षक. तिनं लाटलेल्या पोळीवर मी पितळी डब्याचं झाकण ठेवायचे आणि बाहेर डोकावणारी कड सुरीनं कापायचे. पोळ्या करत होते की नाणी पाडत होते, कोण जाणे! नलू मुकाट्यानं शिकली. इतकी, की पुढे झाकणाची गरजच उरली नाही. ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं.

नलू साठीला आल्यावर एकदा पाहुण्यांपुढे भाजी खारट झाली, तर ती दोन दिवस जेवली नाही. लेकीनं तिला समुपदेशक बाईंकडे नेलं. मी अर्थातच नाक मुरडलं; गप्पाच मारायच्या तर मी काय कमी होते? 'मला सगळं नीट जमलंच पाहिजे' हे नलूचं पालुपद. बाईंनी त्यातला 'च' काढायला लावला. जमलं तर बरं, नाही जमलं तरी मी वाईट ठरत नाही, असं म्हणायचं. वर गृहपाठ दिला: मुद्दाम वाकडी पोळी करायची आणि जिच्या नजरेची सगळ्यात धास्ती वाटते तिला वाढायची.

ती पोळी माझ्या ताटात आली. नलूनं गृहपाठाचं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"माझी भीती वाटायची होय गं?" मी थट्टेत विचारलं.

ती हसली नाही. "अजून वाटते, ताई."

पुढे ती हळूहळू सैल झाली. रडणं कमी झालं, दुपारची चक्क झोपू लागली. मला तिची माफी मागायची होती, पण नेमक्या शब्दांत, नीट... ते शब्द जुळवण्यात चार वर्षं गेली.

झाकण अजून माझ्या मांडणीवर आहे. परवा एक पोळी त्याच्या बाहेर गेली. सुरी उचलली होती... ठेवून दिली. पोळी वाकडीच भाजली. फक्त, नात डबा उघडेल म्हणून, सगळ्यात खाली सरकवली.