बंधाऱ्यावर पुकारलेलं आमचं घर

बाबांची सुपारीची वाडी विकायचं भावानं आणि मी ठरवलं होतं. घेणाऱ्याला तिथं बंगला बांधायचा होता. सहीआधी एकदा डोळे भरून बघावी म्हणून भातकापणी उरकल्यावर निघाले. बाबा गेल्यावर सहा वर्षांनी. लाज वाटते सांगताना, पण खरं तेच.

पनवेलहून बोर्लीमार्गे श्रीवर्धनला जाणारी सकाळची एसटी धरा. माणगावपुढचा रस्ता हाडं खिळखिळी करतो, पोटभर खाऊन बसू नका. बोर्ली पंचतनला उतरून उसळपाव खाल्ला आणि रिक्षा केली. डोंगरात शिरायला रिक्षावाले कुरकुरतात, परतीचंही भाडं घेतात.

आमच्याकडे पावसात आभाळ फाटतं आणि होळीनंतर विहिरी तळ दाखवतात. वाड्या जगतात ओढ्यावर. दरवर्षी कापणीनंतर ओढ्याला दगडमातीचा बंधारा घालून पाणी पाटानं खाली आणतात. घरटी एक माणूस कामाला हवाच. जे घर आलं नाही, त्याची पाण्याची पाळी त्या वर्षी गेली. आमची वाडी वाळलीच असणार, हे मी धरूनच चालले होते.

नेमका बंधाऱ्याचाच दिवस निघाला. आळीत चिटपाखरू नाही, म्हणून ओढ्यावर गेले. गावातले सगळ्यात वयस्कर तात्या घरांची नावं पुकारत होते.

"पिंपळाकडलं घर?"

म्हणजे आमचं. मी तोंड उघडणार तोच पुढून आवाज आला, "हाय."

शेजारच्या यशोदाकाकू होत्या. सत्तरी ओलांडलेली बाई, डोक्यावर मातीचं घमेलं.

"काकू, हे कधीपासून?"

"तुझा बाबा गेला तवापासून. घमेली दुप्पट टाकायची, बास. झाडांना पानी नको व्हय गो?"

वाडी विकतोय म्हटल्यावर त्यांनी घमेलं बंधाऱ्यावर रिकामं केलं.

"बंगलेवाला येल घमेलं उचलायला?" त्यांनी विचारलं. "माझं गुडघं यंदापुरतंच हायत."

मी त्यांच्या हातातून घमेलं घेतलं. दुपारपर्यंत तळहात सोलले. बुधवारी आमच्या पाळीला पाणी वाडीत शिरलं. वाडी हिरवीगार होती, मेलेल्या झाडांच्या जागी काकूंनी नवी रोपं लावली होती. पाटाशी बसून मी पोटभर रडले.

परत आल्यावर घेणाऱ्याला नाही म्हणून कळवलं. भाऊ चिडलाय, अजून बोलत नाही. वाडीचं पुढं कसं निभावेल, मलाही ठाऊक नाही. तळहातांवर आता नवी कातडी आलीय.

काल काकूंना फोन केला. पुढच्या कापणीनंतर आमच्या घराची ओ मी देणार, म्हटलं.

"ये," त्या म्हणाल्या. "पन घमेलं तुझं तू आन. माझ्याकडं एकच हाय."