मागच्या खिडकीतून टाकलेली चिठ्ठी

माझ्या मुलीच्या दहावीच्या इंग्रजीच्या पेपरला मी शाळेच्या मागच्या खिडकीतून चिठ्ठी टाकली. तिने ती मागितली नव्हती आणि तिला तिची गरजही नव्हती. चिठ्ठी तिच्यापर्यंत पोचलीसुद्धा नाही. ती तिच्या मैत्रिणीच्या बाकाखाली जाऊन पडली, आणि पुढे जे झालं त्याला मी एकटा जबाबदार आहे. हे इतकं सरळ लिहायला मला बराच काळ लागला. घरात, दुकानात, मनातल्या मनातसुद्धा मी त्याला 'त्या दिवशीचा गोंधळ' म्हणत असे. जणू गोंधळ आपोआप झाला होता.

आम्ही निरवांगीच्या पुढे वस्तीवर राहतो. ठिबक सिंचनाच्या सामानाचं माझं छोटं दुकान बारामतीत आहे, रोज मोटरसायकलवर जाऊन येऊन असतो. मुलगी आणि पलीकडच्या वस्तीवरची तिची मैत्रीण बालवाडीपासून एका बाकावर बसलेल्या. शाळा मराठी, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आमची इंग्रजीला पक्की आणि मैत्रीण विज्ञानाला. संक्रांत झाल्यापासून दोघी रोज संध्याकाळी आमच्या अंगणात उजळणीला बसत. मैत्रीण उसाचं कांडं हौदात तिरकं बुडवून दाखवायची, पाण्यापाशी ते मोडल्यासारखं दिसायचं, आणि तेवढ्यावरून ती प्रकाशाचं सगळं प्रकरण आमच्या पोरीला समजावून सांगायची. मग आमची तिच्याकडून इंग्रजीत पत्रं लिहून घ्यायची. एकदा तिने गोठ्याच्या उद्घाटनाला कलेक्टरना बोलावणारं पत्र लिहिलं होतं. त्यातल्या चुका काढताना दोघी इतक्या हसल्या, की म्हैस उठून उभी राहिली.

मैत्रिणीला अकरावी सायन्सला बारामतीला जायचं होतं. तिचे वडील कबूल झाले होते, पण एका अटीवर. विज्ञानात चांगले मार्क पडले तर, नाहीतर बारामती नाही. हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

त्या दिवसांत मुलीने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "पप्पा, जेवणाआधी नुसते प्रश्न विचारत जा. उत्तरं आमी देतो."

मी टाळलं. कधी दुकानाचं काम सांगितलं, कधी पाठ दुखते म्हणालो. खरं कारण असं, की ते इंग्रजी शब्द मला वाचता येत नव्हते आणि पोरींसमोर अडखळायची मला लाज वाटत होती. मी स्वतः इंग्रजीत दोनदा नापास झालेला माणूस. तिसऱ्यांदा सुटलो तो माझ्या चुलत्यामुळे. तात्या शाळेच्या मागच्या उसात उभे राहिले होते आणि त्यांनी खिडकीतून मला उत्तरं टाकली होती. पाचटाने त्यांचे पाय कापले होते. ती हकीकत आमच्या घरात अजून कौतुकाने सांगतात, तात्यांनी पोरासाठी काय केलं म्हणून. पोराच्या पेपरला भिंतीमागे उभा राहतो तो जिवाभावाचा माणूस, असं ऐकतच मी मोठा झालो. मग मी बाप होऊन दुकानात कसा बसणार? प्रश्न विचारणं मला जमत नव्हतं, पण भिंतीमागे उभं राहणं जमण्यासारखं होतं.

मराठीच्या पेपरनंतर मी मुलीला सहज विचारल्यासारखं विचारलं, की तुझा नंबर कुठे आलाय. ती म्हणाली, मागच्या खिडकीशी, वारा छान येतो. मैत्रीण तिच्या पुढच्याच बाकावर होती. मुलीला बिचारीला वाटलं, बापाला काळजी आहे.

इंग्रजीच्या आदल्या दिवशी मी बारामतीत गाईडमधलं एक पत्र आणि एक भाषण बारीक करून झेरॉक्स काढून घेतलं. सकाळी निघताना बायकोने ओळखलं. "अवो, ती झोपेत बी इंग्रजी बोलती. तुमी कशाला जाताय?" मी म्हटलं, नुसता बाहेर उभा राहीन.

परीक्षा शेजारच्या गावच्या शाळेत होती. पुढे गेटवर पोलिसांची जीप, मागे भिंतीपर्यंत आलेला तोडीला उभा ऊस. त्या उसात ठिबकच्या नळ्या मीच अंथरल्या होत्या, त्यामुळे आत शिरायला वाट शोधावी लागली नाही. कागद एका खड्याभोवती गुंडाळून त्याला रबर लावलं होतं. भिंतीवर चढलो. मुलगी मान खाली घालून लिहीत होती, हात थांबत नव्हता. ते बघून मी परत फिरायला हवं होतं. मी चिठ्ठी टाकली. ती तिच्या खांद्यावरून पुढे गेली. मुलीने वर पाहिलं आणि आमची नजरानजर झाली. मी उडी मारून उसातून पळालो.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. वर्गावरच्या मॅडमनी मैत्रिणीला उभं केलं, हात, खिसे, कंपासपेटी, सगळं तपासलं. उत्तरपत्रिका काढून टेबलावर ठेवली. केंद्रसंचालक आले. चिठ्ठी कुणी टाकली असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. ती म्हणाली, मला माहीत नाही. तिला खरंच माहीत नव्हतं. माझ्या मुलीला माहीत होतं, आणि ती खाली बघत बसली. उत्तरपत्रिका परत मिळाली तोवर बराच वेळ गेला होता. मैत्रिणीचं पत्र अर्धं राहिलं.

मी तोवर रस्त्यावरच्या नळावर तोंड धुऊन, दोघींसाठी वडापाव घेऊन गेटवर उभा होतो. मुलगी माझ्यासमोरून गेली आणि मैत्रिणीचा हात धरून एसटीत बसली. एसटीत कुणीतरी मैत्रिणीला सांगितलं, की तुझं नाव वर बोर्डाकडे गेलं असणार, आता निकाल राखून ठेवतात.

संध्याकाळी मुलगी हौदापाशी एकटी बसली होती. मी जवळ गेलो तर वर न बघता म्हणाली, "मी बोलले असते तर तुमाला जीपमधे घातलं असतं. म्हणून गप बसले. तुमाला वाचवलं आणि तिला तशीच उभी राहू दिली."

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"मला नका म्हणू. तिला म्हणा."

मैत्रीण आमच्याकडे यायची बंद झाली. गणिताचे पेपर तिने कसेबसे दिले. विज्ञानाच्या आधी काही दिवसांची सुट्टी होती. तिची आई माझ्या बायकोला रस्त्यात भेटली आणि म्हणाली, पोरगी पुस्तकाला हात लावत नाही, पुस्तकं पोत्यात भरून ठेवलीत. निकालच लागणार नसेल तर वाचून काय करू, असं म्हणते. वडीलही घरात बोलत होते, तूच काहीतरी केलं असशील, उगाच कोण उभं करतंय. इकडे आमची लेन्सच्या उदाहरणात अडकली होती. उत्तर दरवेळी वेगळं यायचं आणि विचारायला कुणी नव्हतं. मला तर ती काहीच विचारत नव्हती.

मी सांगायला म्हणून त्यांच्या वस्तीवर गेलो. तिच्या वडिलांनी लांबूनच हाक मारली, बरं झालं आलात, आमचा फिल्टर तुंबलाय बघा. त्यांना मी आबा म्हणतो. मी बाह्या वर करून फिल्टर खोलला, जाळी धुतली, नळ्यांची टोकं सोडून गाळ काढला. चहा झाला. चहा तीच घेऊन आली. डोळे सुजलेले होते. तिने विचारलं, "काका, ती काय करती?" मी म्हटलं, अभ्यास करते. आणि गाडीला किक मारून निघून आलो.

घरी मुलीने माझ्या चिखलाच्या हातांकडे पाहिलं. "सांगितलं?"

"फिल्टर तुंबला होता त्यांचा."

चुलीपुढून बायको म्हणाली, "तुंबलंय ते त्यांच्या फिल्टरमधी न्हाय."

दुसऱ्या दिवशी दुकानाला न जाता मी परीक्षेच्या शाळेत गेलो. केंद्रसंचालक कपाट लावत होते. मी उभ्यानेच सगळं सांगितलं आणि म्हणालो, माझ्यावर जी काय कारवाई असेल ती करा, त्या पोरीला मोकळी करा. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, त्या मुलीच्या नावावर काहीच नाही. तिच्याकडे काही सापडलं नाही, वर्गात बेवारस कागद मिळाला एवढीच नोंद आहे. तिची उत्तरपत्रिका बाकीच्यांबरोबर त्याच दिवशी गेली. मग त्यांनी विचारलं, "तिला हे कुणी सांगितलं नाही?"

मी नकारार्थी मान हलवली.

"मग इथं काय करताय? तुमचं काय करायचं ते मी बघतो. ती विज्ञानाला आली नाही तर मला तोंड दाखवू नका. आणि त्या उसात परत दिसलात तर जीप मीच बोलावीन."

घरी येऊन मी मुलीला म्हटलं, चल. तिने विज्ञानाचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि गाडीवर मागे बसली. इंग्रजीच्या पेपरनंतर ती पहिल्यांदाच माझ्या गाडीवर बसत होती.

त्यांच्या अंगणात कडबाकुट्टी चालू होती. मैत्रिणीची आई मशीनला वैरण देत होती, आबा कुट्टी पाटीत भरत होते, पोरगी उंबऱ्यात बसलेली. मी बोलायला लागलो तर मशीनच्या आवाजात मलाच माझं ऐकू येईना. आबांनी हाताने खूण करून विचारलं, काय? मी म्हणालो, जरा बंद करा. मशीन बंद झालं आणि एकदम इतकं शांत झालं, की मला पळून जावंसं वाटलं.

मी सांगितलं. चिठ्ठी माझी, टाकणारा मी, पडली भलतीकडे. सर काय म्हणाले तेही सांगितलं.

आबा पाटी धरून तसेच वाकलेले राहिले. "मंजी तुमी? आणि काल माझ्या हितं बसून चहा पिऊन गेला?"

"व्हय."

"आठ दिस मी पोरीला बोलतोय." ते बायकोकडे बघून म्हणाले आणि पाटी खाली ठेवली. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी दिल्या नाहीत.

पोरगी उठून पुढे आली. "काका, मग माझा पेपर गेला?"

"गेला. समद्यांच्या बरोबरच गेला."

"नक्की?"

"सरांनी सोता सांगितलं."

ती माझ्या मुलीकडे वळली. "तुला ठावं होतं?"

"व्हय."

"मग बोलली का न्हाईस?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "पप्पा हायेत गं."

मैत्रिणीने ओढणीच्या टोकाने तोंड पुसलं. मग म्हणाली, "लेन्सचं झालं का तुझं?"

"न्हाय. उत्तर चुकतंय."

"चुकणारच. वजा लिहायचं इसरत असशील." ती आत गेली. पोत्याचं तोंड सोडल्याचा आवाज आला.

दोघी कडब्याच्या गंजीच्या सावलीत बसल्या. पहिलं उदाहरण सुटलं तेव्हा आमची ओरडली नाही, फक्त मैत्रिणीच्या खांद्यावर तिने डोकं टेकलं. आबांनी मशीन पुन्हा चालू केलं नाही. मी निघायला वळलो तर मुलीने पुस्तक माझ्यापुढे धरलं. "प्रश्न विचारा."

मी खाली मांडी घातली आणि वाचायला लागलो. एकेक अक्षर जुळवत, चुकत, परत मागे येत. दोघी सुरुवातीला ओठ दाबून बसल्या होत्या, मग राहवेना. आबा लांबून म्हणाले, "आवो, तुमच्यापरीस आमचा ट्रॅक्टर लवकर चालू होतो." सगळे हसले, मीही हसलो. विज्ञानाचं ते पान मला कळत नव्हतं, पण उत्तरं भराभर येत होती. एक अडली की दुसरी पुढचा शब्द द्यायची. मैत्रिणीचा आवाज हळूहळू मोठा झाला. तिच्या आईने वैरण सोडून आमच्याकडे बघितलं.

मी पान उलटणार, तेवढ्यात मुलगी हळूच म्हणाली, "पप्पा, एक ऱ्हायलं."

मला वाटलं प्रश्न राहिला. मी पानावर वरखाली शोधलं. तिच्याकडे पाहिलं तेव्हा कळलं. मी सगळी हकीकत सांगितली होती, सरांचा निरोपही दिला होता, आणि जे सांगायला आलो होतो ते सोडून बाकी सगळं बोललो होतो. पुस्तकात बोट घालून मी ते मिटलं. पोरींच्या वयाच्या माणसाशी असं बोलायची आमच्याकडे सवय नाही. तरी मी मैत्रिणीकडे वळलो.

"माझ्यामुळं तुझं पत्र अर्धं ऱ्हायलं, पोरी. समद्या वर्गापुढं तुला उभं ऱ्हावं लागलं, घरात बोलणी खावी लागली, आन् मी समदं ठावं असून गप बसलो. काल तुझ्या हातचा चहा पिऊन बी गप बसलो. चुकलं माझं. मला माफ कर."